प्रमिलाताईंचं लिंबू

प्रमिला गावंडे कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पहिला घोट तोंडात धरून ठेवायच्या. घरातली माणसं बघत राहायची. मग घोट गिळून त्या सांगायच्या, "नळाचं नाई हे. बोअरचं हाये. तुमच्या घरी तुरीची डाळ शिजत नसन." आणि घरची बाई म्हणायची, हो ना हो, सोडा टाकल्याशिवाय शिजतच नाही. नव्या ओळखीत असं बोलावं का, हा प्रश्न प्रमिलाताईंना कधी पडला नाही. पाणी खारं आहे तर आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. माझं टेबल दाराशी, त्यांचं खिडकीशी, आणि मध्ये शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीच्या कापडी पिशव्यांचा ढीग. त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी, आणि साडीच्या पदराला बारीक बारीक भोकं. ॲसिडचा थेंब उडाला की कापडावर लगेच काही दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांच्या सगळ्या साड्या अशाच होत्या. लग्नाकार्यालाही त्याच.

त्या दर्यापूरकडच्या. म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या. आमच्या अकोला-अमरावतीतून पूर्णा नदी वाहते, तिच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पट्टा असा आहे की विहीर खणली तरी पाणी खारट आणि जमीन चोपण. चोपण म्हणजे पावसात लोण्यासारखी चिकट, उन्हात दगडासारखी, वरून पांढरा खार फुललेला. प्रमिलाताईंच्या वडिलांची जमीन तसलीच होती. रसायनशास्त्र शिकायचं त्यांनी त्या जमिनीमुळे ठरवलं, असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या. नंतर पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "जवळच्या कॉलेजात तेवढंच शिकवत होते."

मातीचा आंबटखारेपणा मोजायच्या आकड्याला, माती तपासून शेतकऱ्याला देतात त्या सरकारी कार्डावर, 'सामू' म्हणतात. शाळेतली पोरं पीएच म्हणतात. प्रमिलाताई तो शेतकऱ्यांना उभ्याउभ्याच समजावून द्यायच्या. "सात म्हणजे बरोब्बर मधात. सातच्या खाली आंबट, वर खार. लिंबू दोन-अडीच. धुण्याचा सोडा अकरा. अन् तुमची माती नऊ."

"मंग आठवर आणाचं म्हणजे एकानं कमी कराची ना बाई?" एखादा विचारायचा.

"एकानं नाई बापा. दहापटीनं. या पट्टीवर एक पायरी म्हणजे दहापट. नऊवरून सातवर याचं तं शंभरपट. म्हणून घाई करू नका. जिप्सम टाका, बांध घाला, पावसाचं पाणी मुरू द्या. दोन-तीन वर्षं लागतीन."

जिप्सम ही एक पांढरी भुकटी. चोपण मातीला चिकटून बसलेला खार ती सोडवते आणि पावसाबरोबर खाली धुऊन नेते. खारपाणपट्ट्यात हाच उपाय, आणि प्रमिलाताई तो प्रत्येक कार्डावर स्वतःच्या हाताने लिहायच्या. छापील मजकूर असतानाही.

सकाळी आल्या की त्या पहिलं काम करायच्या ते सामू मोजायच्या यंत्राचं. सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांच्या तीन बाटल्या ठेवलेल्या असायच्या, चार, सात आणि नऊ पूर्णांक दोनच्या. तिन्हीत यंत्राची दांडी बुडवून आकडा बरोबर येतो का बघायच्या. साहेब म्हणायचे, "गावंडेबाई, रोज कशाला? आठवड्यातून एकदा करा." त्या ऐकायच्या नाहीत. "यंत्रालेच खोटं बोलायची सवय लागली, तं आपण विचारावं कोणाले?" साहेबांसमोरही त्या अशाच अस्सल वऱ्हाडीत बोलायच्या. साहेब पुण्याकडचे, त्यांना ते उद्धट वाटायचं.

त्यांच्या रागाबद्दल मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. प्रयोगशाळेतल्या एका माणसाने त्यांच्या डब्यातली भाजी न विचारता खाल्ली होती. साधी गोष्ट. त्याच्याशी त्या दोन वर्षं बोलल्या नाहीत. काम असलं की कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवायच्या. त्याने माफी मागितली, नवा डबा आणून दिला. डबा त्यांनी मातीचे नमुने ठेवायला वापरला.

तर एका उन्हाळ्यात दर्यापूरकडचे एक म्हातारे शेतकरी आले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. दोन वर्षांपूर्वी प्रमिलाताईंनी त्यांना जिप्सम लिहून दिलं होतं. म्हाताऱ्याने सांगितलं तेवढं सगळं केलं होतं, बांध घातले होते, पोती टाकली होती, आणि पुन्हा माती आणली होती. प्रमिलाताईंनी तपासली. सामू जिथल्या तिथे. नऊ.

म्हाताऱ्याने जुनं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "बाई, तुमच्या कार्डानं माही जमीन काई सुधरली नाई. आता या कार्डात पोट्टे चिवडा खातीन. तुमची विद्या तुमच्यापाशीच ठेवा."

त्या गावातले आणखी चार-पाच जण त्यांच्यामागे उभे होते. सगळे निघून गेले. प्रमिलाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि पुढच्या रविवारी एसटीने त्या म्हाताऱ्याच्या गावी गेल्या.

तिथे गोठ्यात एक अर्धं पोतं शिल्लक होतं. पांढरं पोतं, वर हिरव्या बैलाचं चित्र, ठळक अक्षरात 'जिप्सम'. अकोटचे मनोहरराव ढोमणे यांचा माल. अकोटला त्यांचं मोठं कृषी सेवा केंद्र होतं, चार तालुक्यांत माल जायचा. प्रमिलाताईंनी चिमूटभर भुकटी बशीत घेतली आणि पिशवीतल्या बाटलीतून ॲसिडचे दोन थेंब टाकले. खरं जिप्सम ॲसिडला दाद देत नाही, गप्प बसून राहतं. ही भुकटी फसफसून उठली. म्हणजे चुनखडी. चोपण जमिनीत चुनखडी टाकणं म्हणजे काहीच न टाकणं. ती विरघळतच नाही. लोकांनी दोन वर्षं घाम गाळून शेतात दळलेला दगड पसरला होता आणि शिव्या प्रमिलाताईंना बसत होत्या.

ते पोतं त्या एसटीत मांडीवर घेऊन आल्या. प्रयोगशाळेत तीनदा तपासलं. अहवाल लिहिला, की मालात जिप्सम नावालाच आहे, बाकी चुनखडी. सही केली आणि साहेबांकडे दिला.

साहेबांनी दोन दिवसांनी मला आत बोलावलं. "खाणीतल्या जिप्सममध्ये थोडा चुना असतोच. गावंडेबाई टोकाला जातात. हा अहवाल नीट टाइप करून आणा." त्यांनी हाताने लिहिलेला कागद पुढे केला. त्यात होतं, नमुना प्रमाणानुसार आढळला. सही करायला दुसरा माणूस तयार होता.

मी टाइप केलं. त्याची कारणं सांगता येतील, पण मी ती स्वतःलाच इतक्यांदा सांगून झालीत की आता इथे लिहवत नाहीत. मला काय टाइप करतेय ते समजत होतं, एवढं खरं आहे.

आठवड्याने मनोहरराव स्वतः आले. उंच, गोरे, खादीचा झब्बा, कपाळाला गंध. पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि प्रत्येकाला हाताने पेढा दिला. प्रमिलाताईंच्या टेबलाशी थांबले. "घ्या बाई. तुमी चांगलं काम करता. पण माती तपासा, माणसं तपासू नका. अथी माणसं लय जुनी हायेत."

प्रमिलाताईंनी पेढा घेतला, सामू मोजायच्या यंत्राशेजारी ठेवला, आणि म्हणाल्या, "तुमचं पोतं माह्याजवळ हाये."

महिनाभरात चारी तालुक्यांत बोललं जाऊ लागलं की गावंडेबाई चांगला रिपोर्ट द्यायला पैसे मागतात. मनोहररावांकडे मागितले, त्यांनी दिले नाहीत, म्हणून बाई खवळली. कोण म्हणालं ते कुणालाच माहीत नव्हतं. मार्चअखेर त्यांच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असेल.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी चंचुपात्रं धुऊन उलटी ठेवली. तिन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट केली. मग माझ्या टेबलाशी आल्या. हातात बदललेल्या अहवालाची प्रत होती, कुठून मिळवली कुणास ठाऊक. सरकारी पद्धतीप्रमाणे खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची अक्षरं असतात.

"हे सु. रा. म्हणजे सुमन राऊत ना? तूच ना?"

"हो ताई."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, हे तेव्हा नाही, पुष्कळ नंतर वाटलं.

त्या अकोल्याला गेल्या. जठारपेठेत दोन खोल्या घेऊन अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागल्या. शिकवणी चांगली चालली. पोरांना त्या पहिल्या दिवशी हळदीत बुडवून वाळवलेले कागद द्यायच्या आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला लावून बघायला सांगायच्या. साबणाच्या पाण्यात पिवळा कागद लाल होतो, दह्यात पिवळाच राहतो. "घरात कोण काय हाये ते कळू द्या आधी," असं म्हणायच्या. हे मला त्यांच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. माझा त्यांच्याशी काही संबंध उरला नव्हता.

त्यांचं दुसरं काम मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या नात्यातलं एक लग्न अकोटला होतं. दुपारी बाजारात साडीला फॉल घ्यायला गेले तर एका लिंबाच्या गाडीभोवती घोळका. मी मागून डोकावले. प्रमिलाताई. गाडीच्या फळीवर दोन पांढऱ्या बशा, दोन्हींत पांढरी भुकटी. एकीत खाणीतलं खरं जिप्सम, दुसरीत हिरव्या बैलाच्या पोत्यातलं. हातात कापलेलं लिंबू. त्यांनी पहिल्या बशीत पिळलं. काही नाही. दुसऱ्या बशीत पिळलं, आणि फेस वर आला. बायका पुढे सरकल्या.

"हे कोणाच्या दुकानातलं हाये बाई?" एकीने विचारलं.

"मी कोणाचं नाव घेत नाई. मी लिंबू घेते. तुमी बी घ्या. शेतात टाकाच्या आधी पोतं फोडा, चिमूटभर घ्या, लिंबू पिळा. उलीसे, दोन-चार बुडबुडे आले तं चालते, खाणीतल्या मालात उलीसा चुना असते. असा फेस आला तं पोतं उचला अन् जिथून आणलं तिथं नेऊन टाका."

मी मागे सरले. त्यांनी मला पाहिलं असेल, नसेल. घोळका पांगल्यावर त्या बसस्टँडकडे गेल्या, तेव्हा मी गाडीवाल्याशी बोलले. त्याचं नाव रज्जाकभाई. म्हणाला, "मॅडम तीन सालसे आ रही है. हर इतवार अलग बाजार. इथं आल्या की माह्याच गाडीवर. लिंबू फुकट देतो म्हटलं, तर घेत नाही." मग हसून त्याने एक किस्सा सांगितला. प्रमिलाताईंच्या बाजाराच्या फेऱ्यांनंतर लोकांनी वेगळंच सुरू केलं होतं. पोतं परत करायला जावं तर मनोहररावांची माणसं भांडायची. म्हणून जो-तो पिळलेल्या लिंबाच्या फोडी दुकानाच्या पायरीवर ठेवून यायचा. रोज सकाळी पाच-सात फोडी. मनोहररावांना वाटलं कुणी करणी केली. त्यांनी पायरी धुतली, पूजा घातली, शेवटी पोलिसांत तक्रार केली, की आपल्यावर जादूटोणा चालला आहे. शिपायाने रज्जाकभाईला विचारलं, लिंबं कोण नेतं. रज्जाकभाई म्हणाला, "साहेब, पूरा अकोट नेते."

प्रमिलाताईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, असं तो म्हणाला. मला ते ऐकून आनंद झाला. खरा आनंद झाला. माझ्या बोटांनी टाइप केलेल्या ओळीवर कुणीतरी रोज लिंबू पिळत होतं, आणि ते व्हावं असं मलाही वाटत होतं, हे मला त्या लिंबाच्या गाडीपाशी उभं असताना कळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी अकोल्याला कृषी प्रदर्शन भरलं. आमच्या प्रयोगशाळेचा तिथे स्टॉल होता, त्यामुळे मी हजर होते. आमचे साहेब तोवर निवृत्त झाले होते. एप्रिलचं ऊन. मंडपात पंखे गरगरत होते. दुपारी व्यासपीठावर मनोहरराव ढोमण्यांचा सत्कार होता, शेतकऱ्यांच्या सेवेबद्दल. फेटा बांधला, शाल दिली. पाहुण्यांसमोर लिंबू सरबताचे ग्लास ठेवले. सूत्रसंचालकाने म्हटलं, कुणा शेतकरी बंधू-भगिनीला काही विचारायचं असेल तर विचारा.

मधल्या रांगेतून प्रमिलाताई उठल्या. हातातल्या पिशवीतून हिरव्या बैलाचं एक लहान पाकीट काढलं. तोवर मनोहररावांनी किरकोळ पाकिटंही बाजारात आणली होती. प्रमिलाताईंनी माइक घेतला.

"भाऊसाहेब, हे तुमचंच ना पाकीट? आज सकाळीच घेतलं, तुमच्या स्टॉलवरून. फोडलं बी नाई."

मनोहररावांनी बाईंना ओळखलं. पण एवढ्या लोकांसमोर काय म्हणणार? "माहंच हाये."

"यातलं एक चिमूट तुमच्या सरबतात टाकता का? खरं जिप्सम असन तं काईच होणार नाई."

मंडपात कुजबूज सुरू झाली. खारपाणपट्ट्यातली माणसं होती, निम्म्यांना लिंबाचा प्रकार ठाऊक होता. मागून कुणी ओरडलं, "टाका ना भाऊ! टाका!" पाकीट हातोहात व्यासपीठावर पोचलं. शेजारी बसलेल्या पाहुण्याने ते फाडलं आणि हसत हसत चमचाभर भुकटी मनोहररावांच्या ग्लासात सोडली. पाहुण्यांना वाटलं गंमत चाललीय.

सरबत फेसाळून ग्लासाबाहेर आलं, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सांडलं. एक बाई किंचाळली, "विष हाये का हो?"

इथेच मनोहररावांची चूक झाली. सगळे घाबरले म्हटल्यावर त्यांना आपला माल विषारी ठरण्याची भीती वाटली. त्यांनी ग्लास उचलला, एका दमात अर्धा पिऊन टाकला, माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "विष कायचं! साधा चुनखडीचा भुगा हाये. प्याला तरी काई होत नाई माणसाले!"

मग हशा उसळला. त्या हशात कुणीतरी पायातली चप्पल फेकली, ती व्यासपीठापर्यंत पोहोचली नाही. प्रमिलाताईंनी माइक शेजारच्या माणसाला परत दिला आणि खाली बसल्या. हसल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला. लोकांनी मोबाइलवर घेतलेलं ते चित्रण संध्याकाळपर्यंत अकोट, तेल्हारा, दर्यापूर, सगळीकडे पोचलं होतं.

चौकशी लागली. मनोहररावांनी वकील केला आणि जुना अहवाल पुढे केला. प्रमाणानुसार आढळला.

तेव्हा प्रमिलाताई अमरावतीला माझ्या घरी आल्या. नऊ वर्षांनी. मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला नाही. चहा टाकते म्हटलं तर म्हणाल्या, "मी चहासाठी आली नाई. तुले एक कागद लिहाचा हाये. साहेबानं काय सांगतलं अन् तू काय टाइप केलं, ते सगळं लिही. खाली सही कर."

"ताई, माझी अजून नोकरी आहे."

"माही नोती काय?"

एवढंच बोलून त्या उठल्या. मी आठ दिवस तो कागद लिहिला नाही. नवव्या दिवशी लिहिला आणि स्वतः अकोल्याला नेऊन दिला. त्यांनी दारातच वाचला, घडी घातली. "उशीर केला," म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

माझ्यावर एक ठपका आला, वेतनवाढ लांबली, त्यापलीकडे काही झालं नाही. मनोहररावांचा परवाना गेला, दुकानाला कुलूप लागलं. साहेब निवृत्त होते, त्यांना एक नोटीस गेली, त्यांनी उत्तर दिलं, की वयामुळे नीट आठवत नाही. तिथेच ते थांबलं.

मला वाटलं आता प्रमिलाताई शांत होतील.

पुढच्या जूनमध्ये त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली, पूर्वा ढोमणे. मनोहररावांची नात. जिल्ह्यात त्यांच्याइतकं चांगलं रसायनशास्त्र शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं, मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिच्या वडिलांनी हात जोडून विनंती केली होती. प्रमिलाताई म्हणाल्या, "घेते. पण पहिल्या दिवशी तिच्या आजोबाले आणा." हे मला त्यांच्या त्याच विद्यार्थिनीने सांगितलं, जी आता त्यांच्याकडे शिकवायला मदत करत होती. ती समोर होती.

मनोहरराव आले. वाळले होते. झब्बा अंगावर लोंबत होता. प्रमिलाताईंनी त्यांना वर्गात, पोरांच्या बाकावर बसवलं. पूर्वाला पुढे बोलावलं. दोन बशा, दोन भुकट्या, एक लिंबू.

"पीळ," त्या म्हणाल्या.

मुलीने पिळलं. एकीत काही झालं नाही, दुसरीत फेस आला. तिला ते आवडलं. "मॅडम, हे काय होतं?"

"मले नको विचारू. तुह्या आजोबाले विचार. त्यायले चांगलं माईत हाये."

पोरगी आजोबांकडे वळली. वर्गात वीस-बावीस मुलं. मनोहरराव खाली बघत राहिले. शेवटी ते बोलले. आंबट लागलं की चुनखडीतून वायू सुटतो. जिप्सममधून सुटत नाही. आपण जिप्समच्या पोत्यात चुनखडी भरून विकत होतो. ज्या बाईने ते ओळखलं तिच्यावर आपणच खोटा आळ घेतला.

"कोणती बाई?" पूर्वाने विचारलं.

त्यांनी हात वर करून दाखवलं.

पूर्वा रडायला लागली. प्रमिलाताईंनी तिला रुमाल दिला, मनोहररावांना म्हणाल्या, "जा आता. पाच वाजता घ्याले या," आणि फळ्याकडे वळून सामूची पट्टी काढायला लागल्या. दोन वर्षं त्यांनी त्या मुलीला मन लावून शिकवलं. इतरांपेक्षा जास्त. फी घेतली, एक दिवस सवलत दिली नाही, एक दिवस टाकून बोलल्या नाहीत. मुलगी आज डॉक्टरकी शिकते आहे. पण पहिल्या दिवसाचं ते ऐकल्यावर मी मदतनीस मुलीला म्हटलं, लेकराला कशाला मध्ये घ्यायचं? ती म्हणाली, मीही मॅडमना हेच विचारलं. तर म्हणाल्या, "माह्या नावावर पैसे खाल्ल्याचं सांगतलं तेव्हा माही भाची शाळेत होती. तिले बी विचारत होत्या पोट्ट्या."

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. प्रयोगशाळेने निरोपसमारंभ ठेवला. पत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या जुन्या साहेबांचं नाव छापलं. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. पत्रिका मी सगळ्यांना पाठवली, प्रमिलाताईंनाही. त्या येतील असं वाटलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला आणि त्या दारातून आत आल्या. साठी ओलांडलेली, गुडघे धरलेले, हातात काठी. मागे खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या पुढे आल्या. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी ओढली, बरोबर साहेबांच्या समोर आणली आणि बसल्या. काठी मांडीवर आडवी. आणि साहेबांकडे पाहत राहिल्या. ना राग दिसत होता चेहऱ्यावर, ना काही. यंत्राचा काटा स्थिर होईपर्यंत त्या अशाच बघत असायच्या.

साहेब माझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. प्रामाणिक, कष्टाळू, अशी सुरुवात केली. समोर नजर गेली. पुढचं वाक्य विसरले. पुन्हा तेच म्हणाले, प्रामाणिक, कष्टाळू. खिशातला रुमाल काढला. कागद खाली पडला. कुणी उचलून दिला तर तो उलटा धरला. मग तब्येतीचं काही पुटपुटले, दोन माणसांनी हात धरून त्यांना बाहेर गाडीत नेलं. पंधरा मिनिटं झाली असतील जेमतेम.

गाडी फाटकाबाहेर गेली तशा त्या उठल्या. मी हार गळ्यात तसाच ठेवून त्यांच्यामागे धावले. फाटकापाशी त्या ऑटोला हात दाखवत होत्या.

"ताई, जेवण आहे. जेवून जा."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सुमन, मी तुह्यासाठी आली नोती."

ऑटो थांबला. आधी काठी आत टाकली, मग एक पाय, मग हाताने उचलून दुसरा. ऑटोवाल्याने कुठे जायचं विचारलं. "स्टँड. अकोल्याची गाडी हाये," म्हणाल्या, पदर गुडघ्यावर नीट घेतला, आणि ऑटो वळून गेला.